पोरगं वेंधळं आहे, की हातपाय त्याचं ऐकत नाहीत?

यावल तालुक्यातल्या एक आजी एप्रिलमध्ये साडेचार वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, या पोऱ्याले भाकर मोडता येत नही." सोबतची सून ओशाळली. इतक्या लांब येऊन सासूबाई हे काय सांगताहेत, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तिची तक्रार वेगळी होती. जूनमध्ये मोठ्या शिशूत घालायचा आहे आणि पोरगा पेन्सिल धरत नाही. मला मात्र आजींच्या त्या एका वाक्यानं निम्मं काम करून दिलं.

एका हातानं भाकरी मोडणं ही साधी गोष्ट नाही. अंगठा आणि दोन बोटांनी कड धरायची, त्याच हाताच्या करंगळीकडच्या बाजूनं उरलेली भाकरी ताटाशी दाबून ठेवायची, मनगट थोडं वळवायचं आणि तुकडा सुटला की न थांबता रश्श्यात बुडवायचा. एकच हात, पण त्याचे दोन भाग दोन वेगळी कामं करतात. आपण हे गप्पा मारत करतो. सुनेनं डबा आणला होता, म्हणून मी त्याला तिथंच जेवायला बसवलं. त्यानं अख्खी मूठ भाकरीवर ठेवली, ओढली, भाकरी आली नाही, ताट सरकलं. मग दुसरा हात लावला, भाकरी एकदम फाटली आणि कोपर वाटीला लागून शेवेची भाजी सांडली. त्यानं आईकडे पाहिलं आणि तोंड उघडून बसला. घास भरवायची वाट पाहत.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. हे नाव ऐकून लोक मला धंदा शिकवणारी बाई समजतात. मुलांचा 'व्यवसाय' म्हणजे जेवणं, कपडे घालणं, खेळणं, लिहिणं. तो जमत नसेल तर जमवून देणं हे माझं काम. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या तोंडावर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. पोरगं धांदरट आहे, हाताला वळण नाही, सारखं पडतं. काळजी करावी का?

रिकामी कळशी

कळशी भरलेली आहे असं समजून उचलावी आणि ती रिकामी निघावी, हे प्रत्येकानं कधीतरी अनुभवलं असेल. हात झटक्यानं वर जातो. स्नायूंची चूक नसते. मेंदूनं वजनाचा जो अंदाज बांधला होता तो चुकलेला असतो. प्रत्येक हालचालीच्या आधी मेंदू असा अंदाज बांधतो: किती जोर, किती अंतर, किती वेळ. हालचाल झाली की प्रत्यक्ष काय घडलं ते तो ताडून पाहतो आणि पुढच्या खेपेला सुधारणा करतो. कळशीच्या बाबतीत एकदा चुकलो की दुसऱ्यांदा चुकत नाही, ते त्यामुळेच.

काही मुलांमध्ये हा अंदाज बांधण्याचं आणि सुधारण्याचं काम फार सावकाश चालतं. हाडं मजबूत, स्नायूंत ताकद, डोळे ठीक, बुद्धी चांगली. पण जे इतर मुलं दहा वेळा करून शिकतात, त्यासाठी यांना शंभर वेळा करावं लागतं आणि तरीही ते कच्चं राहतं. याला 'विकासात्मक समन्वय विकार' (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर) म्हणतात. पुढे मी डीसीडी एवढंच लिहीन. पूर्वी डॉक्टरसुद्धा अशा मुलांना सरळ 'वेंधळी मुलं' म्हणत. १९९४ मध्ये कॅनडातल्या लंडन या गावी तज्ज्ञ जमले आणि डीसीडी हे नाव वापरायचं ठरलं. कोणाच्या कागदावर 'डिस्प्रॅक्सिया' लिहिलेलं दिसेल. रोजच्या बोलण्यात तो शब्द याच गोष्टीसाठी वापरतात.

आणखी एक चित्र. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना एसटीचा जुना ड्रायव्हर पाहा. गिअर कधी बदलला ते त्याच्याही लक्षात येत नाही, नजर वळणावर असते. त्याच घाटात नवशिक्याला बसवा. क्लच, ब्रेक, आरसा, समोरचा ट्रक, सगळं एकेक करून डोक्यानं करायचं. वर पोचेपर्यंत घामाघूम. डीसीडी असलेलं मूल दिवसभर नवशिक्याची गाडी चालवत असतं. म्हणून ते लवकर दमतं, चिडतं. वर्गात बटण लावताना बाईंची सूचना त्याला ऐकू येत नाही, कारण सगळं लक्ष बटणात गेलेलं असतं. "लक्षच नसतं त्याचं" ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते. (अतिचंचलता खरोखरच सोबत असते अशीही मुलं खूप आहेत, डीसीडी असलेल्यांपैकी जवळपास निम्मी. म्हणून दोन्ही तपासावं लागतं.)

५ ते ११ वर्षांच्या मुलांमध्ये डीसीडीचं प्रमाण ५ ते ६ टक्के मानतात. तीस मुलांच्या वर्गात एक-दोन. मुलग्यांमध्ये जास्त आढळतो. फार आधी जन्मलेल्या आणि जन्मतः वजन खूप कमी असलेल्या बाळांमध्ये तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. बाळ काचेच्या पेटीत राहून आलं असेल, तर आता ते कितीही गुटगुटीत दिसो, शाळेत जाईपर्यंत त्याच्या हालचालींवर नजर असावी.

नजर ठेवायची म्हणजे कशावर?

आधी कशावर नको ते सांगते. रांगण्यावरून आणि चालण्याच्या महिन्यावरून घरात जितका घोर लागतो तितका लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये पाच देशांतल्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यात दिल्लीचीही मुलं होती. निरोगी मुलं स्वतंत्र चालायला लागण्याचा काळ साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत पसरलेला निघाला. शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तेव्हा "शेजारचा दहाव्या महिन्यात चालला" याला फार अर्थ नाही. दीड वर्ष उलटूनही चालत नसेल तर मात्र दाखवावं.

तीन वर्षांनंतर चित्र बोलकं होतं. तिसऱ्या वर्षी मूल एका पायरीवर एक पाऊल टाकत जिना चढतं, तीनचाकी चालवतं, पाहून गोल काढतं. चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह काढतं आणि एका पायावर उडी मारतं. म्हणजेच लंगडी. परदेशी चाचण्यांत एका पायावरचा तोल मोजायला घड्याळ लावतात. आपल्याकडे गल्लीत संध्याकाळी ती चाचणी फुकट चालू असते, कोणी बघत नाही इतकंच. पाच वर्षांचं पोर दोन उड्यांत पाय टेकत असेल, शर्टाचं मोठं बटणही लागत नसेल, सांगूनही चप्पल रोज उलट्या पायांत घालत असेल, गल्ल्यात नाणं टाकताना फट सापडत नसेल, माळेचे मोठे मणी ओवताना दोरा एकीकडे आणि मणी दुसरीकडे जात असेल, तर यातली एक गोष्ट काही सांगत नाही. चार-पाच एकत्र आणि महिनोनमहिने दिसल्या तर सांगतात.

मला सगळ्यात जास्त माहिती देणारी खूण मात्र वेगळी आहे. मूल काय टाळतं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे झाडाझाडाला झोके असतात. सगळी पोरं उभ्यानं झोका घेण्यासाठी भांडत असताना एक पोर "मला नाही आवडत" म्हणून बाजूला मोजणी करत बसतं. चेंडू आला की मुद्दाम वेड्यासारखं पडून सगळ्यांना हसवतं. रंगवायला दिलं की त्याला शू लागते. चार वर्षांच्या मुलाला "मला जमत नाही" असं म्हणता येत नाही. ते "मला नको" म्हणतं. मुलींच्या बाबतीत तर हे आणखी निसटतं. मुलगी शांत बसली तर गुणाची म्हणून कौतुकच होतं, आणि ती पळत नाही, चढत नाही याची नोंद कोणी घेत नाही.

"प्रत्येक मूल वेगळं असतं. व्हई जाई!"

खान्देशात हा शब्द रोज कानावर पडतो. होऊन जाईल. त्या आजींना दोन वर्षं घरादारानं हेच ऐकवलं होतं.

यात निम्मं खरं आहे. चौथ्या वर्षी मागं दिसलेली बरीच मुलं सहाव्या वर्षी इतरांच्या बरोबरीनं येतात. म्हणूनच २०१९ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात की पाच वर्षांच्या आत डीसीडीचं पक्कं निदान सहसा करू नये. तीन ते पाच या वयात अडचण अगदी ठळक असेल तरीसुद्धा किमान तीन महिन्यांच्या अंतरानं दोनदा तपासल्याशिवाय नाव द्यायचं नाही. एखाद्यानं तीन वर्षांच्या मुलाला एकाच भेटीत डीसीडीचं प्रमाणपत्र लिहून दिलं, तर मी तो कागद बाजूला ठेवीन.

पण उरलेलं निम्मं खोटं आहे, आणि तेच महागात पडतं. ज्यांना खरोखर डीसीडी आहे त्यांच्यापैकी ५० ते ७० टक्के मुलांची अडचण किशोरवयातही राहते. आणि नाव द्यायला थांबायचं याचा अर्थ मदतीला थांबायचं असा होत नाही. पाऊस येईल की नाही हे ठरायची वाट पाहत कोणी बांध घालायचं सोडत नाही. मणी ओवायला देणं, लंगडी शिकवणं, जेवताना हात धरून तुकडा मोडायला लावणं, यासाठी निदानाची सही लागत नाही आणि निदान चुकलं तरी नुकसान काही होत नाही.

"लाडावलंय, दुसरं काही नाही"

सुनेचा हाच आरोप सासूवर होता आणि सासूचा सुनेवर. दोघींनी तो माझ्यासमोर, एकमेकींकडे न बघता केला.

आरोप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाचव्या वर्षापर्यंत भरवलेलं, चप्पल घालून दिलेलं, उचलून जिना उतरवलेलं, मोबाइल हातात देऊन गप्प केलेलं मूल कच्चं राहणारच. पोहायला विहीर दिली नाही तर पोहता येत नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही. त्यामुळे तपासणीत पहिला प्रश्न संधीचा असतो: शिकायला वाव मिळाला का? उत्तर 'नाही' असेल तर मी दोन महिने घरचा नियम बदलायला सांगते. स्वतः जेवायचं, सांडलं तरी चालेल. स्वतः कपडे घालायचे, त्यासाठी सकाळी पंधरा मिनिटं लवकर उठवायचं. संध्याकाळी बाहेर खेळायचं. केवळ सवय नसलेलं मूल या काळात भराभर पुढं येतं, आईच चकित होते. डीसीडीकडे झुकणारं मूल थोडं पुढं येतं आणि प्रत्येक नव्या कामात पुन्हा पहिल्या पायरीवर दिसतं: शर्टाचं बटण कसंबसं जमलं, पण चड्डीचा हूक आला की सगळं नव्यानं.

डावखुरेपणाबद्दलही इथंच लिहिते, कारण विचारणारे फार. डावा हात हा दोष नाही आणि त्याचा डीसीडी होत नाही. जबरदस्तीनं उजव्या हातात पेन्सिल देऊ नका.

मूल चुकतंय की प्रश्न?

नंदुरबारच्या सातपुड्यातली, धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं तपासताना मी सुरुवातीला फसले आहे. एका मुलीला सांगितलं, टाचा उचलून रेषेवर चाल. ती नुसती उभी. पुन्हा सांगितलं, तरी उभी. मी कागदावर शून्य लिहिणार, तेवढ्यात अंगणवाडी मदतनीस तिला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि मुलगी टाचा उचलून भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत दिलेली सूचना कळली नाही, तर कागदावर ते हालचालीचं अपयश म्हणून उतरतं. अहिराणी घरातल्या मुलाचंही थोडंफार असंच. करून दाखवा, मग मोजा.

तसंच कुपोषणाचं. अंगात रक्त नाही, वजन नाही, अशा मुलाचे पाय डळमळतात ते अंदाज चुकल्यामुळे असं म्हणणं अन्याय आहे. त्याला आधी अन्न आणि उपचार.

इथे मात्र एक दिवसही थांबू नका

वर लिहिलेलं सगळं अशा मुलांबद्दल आहे जी हळू शिकतात, पण शिकलेलं विसरत नाहीत. काल येत असलेलं आज येईनासं झालं, आधी पळणारं मूल आता जिन्याला घाबरतं, तर हा वेंधळेपणा नाही. लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. शरीराची एकच बाजू मागं राहत असेल, किंवा पहिल्या वर्षाच्या आतच बाळ कायम एकच हात वापरत असेल, तर तेही. पाय ताठर राहत असतील, चवड्यांवरच चालत असेल, तेही.

एक खूण प्रत्येक आईबापानं पाहून ठेवावी. मुलगा जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या भरदार दिसतात, त्यामुळे घरच्यांना तो धट्टाकट्टा वाटतो. ही स्नायू झिजण्याच्या एका आजाराची खूण असू शकते. सीपीके नावाच्या साध्या रक्ततपासणीनं पहिला अंदाज येतो. अशा मुलाला "पळ, व्यायाम कर" म्हणून रेटणं घातक ठरतं.

आणि डोळे. चेंडू न झेलणाऱ्या मुलाला चेंडू दिसतो का, हे विचारायचंच राहून जातं.

दाखवायचं कुठं?

तालुक्याच्या गावी व्यवसायोपचारतज्ज्ञ मिळणं कठीण, हे मी मान्य करते. पण सुरुवात गावातच होऊ शकते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलं तपासतं. हालचालींतला विलंब त्यांच्या यादीत आहे. गरज वाटली तर ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात आणि तिथले उपचार मोफत असतात. अडचण एवढीच की पथकाकडे दर मुलामागे मिनिटं थोडी असतात आणि डीसीडी मिनिटात दिसत नाही. उभं केलेलं मूल ठीकच दिसतं. म्हणून पथक येण्याआधी अंगणवाडीताईंच्या कानावर घाला आणि कागदावर लिहून न्या: काय जमत नाही, केव्हापासून, किती प्रयत्न झाले. मोबाइलवर जेवतानाचा आणि लंगडीचा एक-एक मिनिटाचा व्हिडिओ काढून नेला तर मला तर फार बरं वाटतं.

तज्ज्ञांकडे पुढे काय होतं? तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पालकांनी भरायची पंधरा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. शिवाय 'मूव्हमेंट एबीसी' ही तीन वर्षांपासून पुढे वापरली जाणारी चाचणी. नाव भारदस्त, आत काम मात्र डबीत नाणी टाकणं, मणी ओवणं, छोटी पिशवी झेलणं, एका पायावर उभं राहणं. समवयस्क शंभर मुलांत शेवटच्या पाचांत आलं तर अडचण ठळक. त्याच्या वरच्या दहांत आलं तर नजर ठेवायची. यात सुई, मशीन, मेंदूचा फोटो काही नाही. डीसीडी एमआरआयमध्ये दिसत नाही. दुसरी शंका असेल तरच तो काढतात.

"शिक्का बसेल" ही भीती मला कळते. पण शिक्का आधीच बसलेला असतो: आळशी, ढ, नाटकी. तो पुसायला खरं नाव कामी येतं. पुढे शाळेत सवलतींचा प्रश्न आला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख आहे, हे मुख्याध्यापकांना दाखवता येतं.

टॉनिक, मालिश आणि भाकरी

कॅल्शियमचं औषध, मेंदूचं टॉनिक, तेल मालिश यांनी डीसीडी जात नाही. मालिशनं मूल झोपेल छान. डीसीडीवर औषधच नाही. जे काम जमत नाही तेच काम तुकडे पाडून शिकवणं, यालाच आजवरच्या अभ्यासांचा चांगला आधार आहे. बटण लागत नसेल तर बोटांना 'ताकद यावी' म्हणून महिनाभर चेंडू दाबायला लावण्यापेक्षा बटणच लावायला शिकवा: आधी मोठं बटण, सैल काज, कपडा अंगात न घालता मांडीवर घेऊन. थोड्या मोठ्या मुलांकडून तर योजनाही त्यांच्याच तोंडून वदवून घेतात. काय करायचंय, कसं करशील, करून बघ, झालं का? नाही झालं तर योजना बदल, तू वाईट नाहीस.

त्या मुलासाठी आम्ही तीन शब्द ठरवले: दाब, धर, वळव. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकणार नाही. भाकरी गार नको, कोवळी ऊन हवी, कारण गार भाकरी कडक होते. आधी पोळी नको का, असं सुनेनं विचारलं. पोळी चिवट, तिला ताणावं लागतं. भाकरी वळवली की तुटते. हे मला आजींनी सांगितलं, मी पुस्तकात वाचलं नव्हतं.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट आटोपल्यावर ऑगस्टमध्ये ते परत आले. दुसरी तपासणी केली. लंगडीच्या तीन उड्या झाल्या, आधी एकही नव्हती. मणी अजून सावकाश. गुणांत तो अजूनही खालच्या पाचांतच आहे, आणि पेन्सिलीचं काही फार पुढं सरकलेलं नाही. शाळेला मी चिठ्ठी दिली की दिवाळीपर्यंत त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेऊ नका, वाळूत बोटानं काढू द्या. भाकरीचा तुकडा वेडावाकडा तुटतो, पण एका हातानं तुटतो. ऑक्टोबरमध्ये पाच पूर्ण होतील. पुढची तारीख भाऊबीजेनंतरची दिली आहे, नावाचं काय ते तेव्हा बघू.